बाबांचं फास्टिंग, आमरस आणि माझी लेझरची मशीन
आई-बाबा, सा. नमस्कार,

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा म्हणाले फास्टिंग (उपाशीपोटीची रक्तातली साखर) 118 आलंय, आता टेन्शन नाही, आणि मागे टेबलावर आमरसाची वाटी स्पष्ट दिसत होती, म्हणून म्हटलं फोनवर वाद घालण्यापेक्षा नीट लिहूनच टाकते.

मी इथे नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टला लॅबमध्ये जे काम करते ना, ते नेमकं ह्याच विषयातलं आहे: साखर वाढली की कातडीतल्या रक्तवाहिन्यांचं काय होतं. माणूस उपाशीपोटी येतो, कोमट खोलीत गप पडून राहतो (हसला तरी रीडिंग हलतं), आणि आम्ही त्याच्या हाताच्या कातडीवर लेझर डॉपलर मशीनचा छोटासा प्रोब चिकटवतो. त्यातला लेझरचा उजेड कातडीत जेमतेम एक मिलिमीटर जातो, वाहणाऱ्या तांबड्या पेशींवर आपटून परत येताना त्याची फ्रिक्वेन्सी किंचित बदलते, त्यावरून तिथे रक्त किती फिरतंय त्याचा अंदाज येतो. मग प्रोबभोवतीची चकती 44 डिग्रीपर्यंत गरम करायची. ग्राफ आधी झपकन वर जातो, थोडा खाली येतो, आणि मग अर्ध्या तासात हळूहळू परत चढून वरच राहतो. हा दुसरा चढ बराचसा नायट्रिक ऑक्साइडचा, म्हणजे रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून निघणाऱ्या गॅसचा, जो वाहिनीला सैल हो म्हणून सांगतो. ह्या शोधाला 1998 चं नोबेल मिळालंय.

त्यानंतर 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत प्यायला द्यायचं. सगळेच तोंड वाकडं करतात. आणि थोड्या वेळाने परत तेच मोजमाप.

साखर एकदम वाढली की अस्तरात सुपरऑक्साइड नावाचा उपद्रवी प्रकार जास्त तयार होतो आणि तो नायट्रिक ऑक्साइडला गिळून टाकतो. वाहिनीचा स्नायू ठणठणीत असतो पण त्याच्यापर्यंत निरोपच पोचत नाही. 1998 मध्येच बोस्टनच्या लोकांनी निरोगी माणसांच्या हातात साखर 6 तास 300 वर ठेवून हे दाखवलं होतं, फक्त ते अख्ख्या हाताचं रक्त होतं, कातडीचं वेगळं नाही. आणि खरं सांगायचं तर निरोगी माणसात आमचा ग्राफ कधीकधी फारसा बदलतच नाही, कारण साखरेबरोबर इन्सुलिन वाढतं आणि ते स्वतः बारीक वाहिन्या उघडतं, त्यामुळे हिशोब बरोबरीत सुटतो. बाबांचं इन्सुलिन नीट काम करत नाही तिथेच गोची आहे.

आता जळगावच्या मे महिन्यात ह्याचं काय? एरवी अख्ख्या कातडीतून मिनिटाला पाव-अर्धा लिटर रक्त फिरतं, कडक उष्णतेत ते 6-8 लिटरपर्यंत जाऊ शकतं, अंगातली गरमी बाहेर टाकायचा तोच मोठा मार्ग. म्हणून आमरस-पुरी चापून भर दुपारी बाजारात जायचं बंद करा बाबा, मधुमेहात कातडीच्या वाहिन्या आधीच कमी उघडतात.

पाय गार पडतात ते ह्याच्यामुळेच असं मात्र मी म्हणत नाहीये, त्याची कारणं दहा असतात, डॉक्टरांना पायाची नाडी बघायला सांगा आणि तळव्याला नायलॉनच्या धाग्याने टोचून संवेदना तपासतात तेही करून घ्या. आई, तोवर गरम पाण्याची बादली बंद, आणि द्यायचीच असेल तर आधी तू तुझं कोपर बुडवून बघ, बाबांना चटका कळत नसेल तर भाजेपर्यंत कळणार नाही.

फास्टिंग फक्त सकाळचं सांगतं हो. जेवणानंतर दोन तासांनी तपासा, आमरस खाल्लेल्या दिवशीच तपासा, लबाडी नको. भरीत आणि डाळ आधी, भात-पोळी शेवटी, मग अंगणात दहा मिनिटं फेऱ्या. रिपोर्ट आला की लगेच व्हॉट्सॲप करा, बाबांनी नाही, आईने.

तुमची,
छोटी