फ्लॅश उडतो, तरी फोटो कोरा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फिल्मचे जुने कॅमेरे पुन्हा तरुण पोरांच्या हातात दिसू लागले, याचा मला मनापासून आनंद आहे. पण धडधाकट कॅमेरे माहिती नसल्यामुळे ‘निकामी’ ठरतात, म्हणून हे पत्र.

श्रावणात पारोळ्याचा एक मुलगा आला. गळ्यात आजोबांचा ममिया सी-३३०, म्हणजे दोन लेन्सचा जुना फिल्म कॅमेरा; हातात धुतलेला १२०चा (रुंद फिल्मचा) रोल. ‘काय व्हयनं रे भाऊ?’ विचारताच त्याने रोल पुढे केला. घरी कानबाई, म्हणजे आमच्या खान्देशातली श्रावणातली देवी, बसली होती. नथ घातलेला नारळ, रोट, जागरणाला जमलेल्या बायका, असे बारा फोटो फ्लॅश लावून काढले, बाराही कोरे. फ्लॅश मात्र दरवेळी उडाला होता. एका दुकानात सांगितले, ‘शटर गेलं, भंगारात द्या.’

मी आधी लेन्सच्या कडेची बारीक खिट्टी पाहिली. ती ‘एम’वर होती. ती जागा जुन्या बल्ब-फ्लॅशची. बल्ब पूर्ण पेटायला क्षणभर लागतो, म्हणून शटर, म्हणजे फिल्मवर उजेड सोडणारी झडप, थांबून उघडते. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश तोवर विझूनही जातो. खिट्टी ‘एक्स’वर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशच्या जागेवर सरकवली, मागचे झाकण उघडून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरला आणि त्याला मागून लेन्समध्ये बघायला लावले. फ्लॅश उडताच उजेडाची गोल टिकली चमकली. पोरगा कितीतरी वेळ कॅमेऱ्याकडेच बघत राहिला.

रोल भरण्याआधी ही परीक्षा जरूर करावी. फ्लॅश कॅमेऱ्याला जोडणाऱ्या वायरीचे टोक सैल असेल तर पकडीने अगदी हलके दाबावे आणि वायर ब्रॅकेटला, म्हणजे कॅमेऱ्याला फ्लॅश धरून ठेवणाऱ्या पट्टीला, बांधावी. मांडवात कुणाचा तरी हात अडकतोच.

ब्रॅकेटला ‘नुसती पट्टी’ समजू नये. तिच्यामुळे फ्लॅश लेन्सपासून वीतभर वर, बाजूला जातो. डोळे लाल येत नाहीत, कानामागे भिंतीवर काळी सावली चिकटत नाही. शिवाय या कॅमेऱ्याची निगेटिव्ह ६x६ सेंटिमीटरची, चौकोनी; कॅमेरा आडवा-उभा करायचा प्रश्नच नाही. माझ्या मेट्झ ४५ फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे ताकदीचा आकडा, १०० आयएसओच्या फिल्मला ४५; त्याला अंतराने भागले की लेन्सचे छिद्र किती ठेवायचे ते कळते. नवरदेव चार मीटरवर असेल तर ४५ भागिले ४, म्हणजे एफ ११. हा हिशेब मी आयुष्यभर तोंडीच केला.

आणि मे महिन्यातली भर दुपारची लग्नं! फेट्याखाली नवरदेवाचे डोळे सावलीत काळे पडत; ते उजळायला फ्लॅश हवा, पण भर उन्हात शटरही वेगवान हवे. तेव्हाच्या बहुतेक ३५ एमएम कॅमेऱ्यांना १/६० किंवा १/१२५ सेकंदापेक्षा वेगवान शटरला फ्लॅश चालत नसे. ममियाचे शटर लेन्समध्येच, त्यामुळे १/५००लाही चालतो. १/२५०, एफ ११, फ्लॅशवर पांढरा हातरुमाल, की डोळे उजळत.

खान्देशातल्या ज्या कॉलेजांत फोटोग्राफी शिकवतात, त्यांनी वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा. कॅमेरा, ब्रॅकेट, फ्लॅश घेऊन मी स्वखर्चाने येईन. पोरांनी फक्त घरातले जुने कॅमेरे सोबत आणावेत.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार, अमळनेर