अण्णा, इथंही शेडवर द्राक्षं वाळतात

ति. अण्णा आणि आई यांस
साष्टांग नमस्कार.

अण्णा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. इटलीत आम्ही गेलो तिथं वेलींना मांडव आहे, वाय आकाराचा तारांचा आधार नाही. फोनवर तुम्ही "वेली कशावर चढवल्यात?" एवढं विचारलंत आणि आईनं फोन काढून घेतला. मग स्वेटर, नातीचा खोकला आणि शेजारच्या काकूंचं ऑपरेशन, यात द्राक्षं राहूनच गेली. म्हणून सविस्तर लिहितेय. दादा वाचून दाखवेल, पण दादा, मधलं गाळू नकोस.

म्युनिकहून दक्षिणेला निघालं की ऑस्ट्रियातून जाऊन ब्रेनरच्या खिंडीत आल्प्स ओलांडायचा. पलीकडं उतरलं की इटलीतलं आदिजे नदीचं खोरं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सफरचंद, मग द्राक्ष, पुन्हा सफरचंद. सफरचंदाच्या बागांवर गारांसाठी जाळ्या टाकलेल्या. तुमचे जावई गाडी चालवत होते, तुमची नात मागं झोपलेली, आणि मी एकटीच "अहो, ते बघा, ते बघा" करत होते. शेतकऱ्याच्या पोरीला बागेजवळून गप्प बसून जाता येत नाही.

वेरोना शहराच्या वरच्या बाजूला डोंगरउतारावर वाल्पोलिचेल्ला म्हणून भाग आहे. तिथं एका शेतकऱ्याच्या घरीच उतरलो. बागेसोबत चार खोल्या पाहुण्यांना भाड्यानं देतात, असं इटलीत खूपजण करतात. उतारावर दगडी ताली, मातीचुन्याशिवाय नुसत्या दगडावर दगड रचून बांधलेल्या. आणि त्या तालींवर मांडव! आपल्यासारखा सपाट नाही, एका बाजूनं वर उचललेला. खाली उभं राहिलं की घड डोक्याशी लागतात, पण आम्ही गेलो तेव्हा तोडणी होऊन गेली होती, पानं तांबूस झाली होती. अलीकडं नव्या लागणी तारेवर सरळ ओळीत करतात, ट्रॅक्टर चालतो म्हणून. म्हातारे मात्र मांडवच बरा म्हणतात, घडाला ऊन लागत नाही. तुम्ही तिथं असता तर भाषा येत नसताना तासभर भांडण रंगलं असतं.

आता खरी गंमत. त्यांनी आम्हाला माडीवर नेलं. दार उघडलं आणि अण्णा, वास आला तो थेट आपल्या शेडचा. लाकडी आणि प्लास्टिकच्या क्रेट एकावर एक रचलेल्या, प्रत्येकीत घडांचा एकच थर, घडाला घड टेकू द्यायचा नाही. दोन्हीकडच्या खिडक्या उघड्या, कोपऱ्यात मोठे पंखे. मालक बोलता बोलता एक क्रेट ओढायचे, बुरशी आलेला मणी नखानं काढून खिशातल्या फडक्यात टाकायचे आणि पुन्हा बोलायला लागायचे.

म्हणजे हे लोक आधी द्राक्षं अर्धवट सुकवतात आणि मग त्यांची वाइन करतात. तिचं नाव अमारोने. कोरविना, रोंदिनेल्ला या त्यांच्या काळ्या जाती. साधारण 100 दिवस माडीवर ठेवतात, वजन जवळपास 40 टक्के घटतं. आपण चार किलोचा एक किलो करतो, ते निम्म्याच्या आधीच थांबतात. आपल्याकडं पंधरा दिवसांत बेदाणा होतो आणि यांना तीन महिने का, हे मी विचारलं. आपण कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात घड बुडवतो, त्यानं सालीवरच्या मेणाचा अडसर जातो आणि पाणी भराभर निघतं. वर आपलं मार्चचं ऊन. हे काहीच लावत नाहीत, मेण तसंच ठेवतात, गंधकाची धुरीही नाही, आणि बाहेर थंडी पडत जाते. सावकाश सुकताना आत चव बदलते, तीच त्यांना हवी असते. 1 डिसेंबरच्या आधी त्या द्राक्षांचं गाळप करायला नियमानं बंदी आहे.

नियम म्हणाल तर बरेच आहेत. हेक्टरी 12 टनांची मर्यादा, म्हणजे एकरी पाच टनांच्याही आत. आपल्याकडं एकरी दहा-बारा टन काढणारा माणूस हे ऐकून हसेल. त्यातलाही सगळा माल सुकवायला ठेवता येत नाही, एक हिस्साच. मालकांनी कागदपत्रांच्या नावानं बोटं मोडली, तोडणीला माणसं मिळत नाहीत म्हणाले, आणि पुढच्या पिढीला शहरातच राहायचंय म्हणाले. हे दुभाष्याशिवाय कळलं मला.

वाइन घेतली का, हे आई विचारणार नाही, पण मनात येईल. घेतली, पेल्याच्या तळाला राहील एवढी. चेरी, वाळलेलं अंजीर, शेवटी कडवट. मला फार भावली असं नाही, जड वाटली. जावयांना गाडी चालवायची म्हणून त्यांनी चव घेऊन थुंकली. तिथं तशी रीतच आहे, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं. एवढी महागडी वस्तू थुंकताना बघून नात जी हसत सुटली, ती रात्री झोपेपर्यंत.

तिथून खाली पो नदीच्या सपाट मुलखात उतरलो. वेरोनाच्या दक्षिणेला भाताची खाचरं आहेत, व्हिआलोने नानो नावाचा आखूड, जाड तांदूळ पिकतो. तोच अमारोनेत शिजवून जांभळा भात करतात. आई, तुला नाही आवडणार. मांतोवाला मात्र लाल भोपळ्याचं सारण भरलेले तोर्तेल्ली खाल्ले. सारणात कडू बदामाची बिस्किटं चुरून घालतात, थोडं मोहरीच्या झणक्याचं गोड लोणचं, वरून लोणी आणि सेजची पानं. गोड जेवणाच्या मध्येच येतं याचं तिथं कुणाला नवल नाही. सोबत मक्याच्या भरडीचा घट्ट पोलेंता आणि रानातल्या अळंब्या. तू आलीस तर पोलेंत्यावर तुझं भागेल.

पण चीजचं स्पष्टच सांगते. पार्मिजानो रेज्जानो करताना दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट घालतात. त्यात पर्याय नाही, नियमच तसा आहे. दुसऱ्या काही चीजमध्ये शाकाहारी रेनेट असतं, कधीकधी पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. तेव्हा अण्णांच्या माळेला हे चालणार नाही. मी खाल्लं, मी माळ घातलेली नाही.

चीजचा कारखाना बघायला पहाटेच जावं लागतं, कारण काम सकाळीच आटोपतं. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर पसरून ठेवायचं, वरची साय काढायची, त्यात सकाळचं सायीसकट दूध मिसळायचं आणि तांब्याच्या उलट्या घंटेसारख्या हंड्यात तापवायचं. दही धरलं की मोठ्या रवीसारख्या हत्यारानं तांदळाच्या कणीएवढं बारीक करतात. एका हंड्यातून चीजची दोन चाकं. एका चाकाला साडेपाचशे लिटर दूध, वजन चाळीस किलोच्या आसपास. मग मिठाच्या पाण्यात बुडवायचं आणि कमीत कमी 12 महिने फळीवर. वर्षानंतर तपासनीस येऊन छोट्या हातोडीनं ठोकून ऐकतो. आत पोकळी किंवा भेग असली तर आवाज बदलतो. नापास झालं की सालीवरचे छाप खरवडून काढतात.

आणि अण्णा, या गाईंना मुरघास बंद! एकदम मनाई. मुरघासातले जंतू दुधात आले तर महिन्यांनी चीज आतून फुगतं आणि फुटतं. सुकं गवत, लसूणघास, थोडी पेंड. दादानं मुरघासाचा खड्डा काढायचं ठरवलंय ना, त्याला घाबरवू नका, आपल्याला चीज करायचं नाही.

रेज्जो एमिलियाच्या भागात क्रेडेम नावाची बँक आहे. ती ही चाकं तारण घेऊन कर्ज देते, आणि चाकं बँकेच्याच गोदामात पिकतात. मला लगेच तासगावची कोल्ड स्टोरेजची पावती आठवली. आपणही बेदाण्यावर उचल घेतोच की. पण फरक असा की त्यांचं चीज ठेवून महाग होतं, आपला बेदाणा जास्त ठेवला तर काळा पडतो. यात त्यांची हुशारी नाही, मालाचाच गुण आहे. त्यामुळं "तिकडचे शेतकरी बघा" असलं भाषण मी देणार नाही.

मोदेनाला फक्त एक दुपार होतो, तिथलं बाल्सामिक व्हिनेगर, म्हणजे द्राक्षाचा शिरका, बघायला. द्राक्षाचा रस उघड्या काहिलीत काकवीसारखा आटवतात आणि माळ्यावर उतरत्या आकाराच्या पिंपांत मुरवतात. उन्हाळ्यात तापावं, हिवाळ्यात गारठावं म्हणून माळ्यावरच. किमान 12 वर्षं, जुना म्हणून विकायचा तर 25. मुलगी जन्मली की पिंपांचा संच सुरू करायचा आणि लग्नात द्यायचा, अशी जुनी चाल होती. आई, मला तुम्ही फ्रिज दिला होता, तो बराच म्हणायचा.

आता कामाचं. सांगलीच्या बेदाण्याला 2016 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. तरी आपला माल अजून पंधरा किलोच्या खोक्यात, व्यापाऱ्याच्या छापानं जातो. त्या वाल्पोलिचेल्लाच्या घरी बाटलीवर गावाचं नाव, शेताचं नाव होतं, आणि पाहुणे दारात येऊन घेऊन जात होते. दादा, जीआयचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येतं, त्याचा अर्ज आण. सगळा माल नको, सौदा मोडायचा नाही. पहिल्या प्रतीचा थोडा बाजूला काढ आणि अर्धा-अर्धा किलोची पाकिटं आपल्या नावानं करून बघ. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या बायका दिवाळीला घेतील, ते मी बघते.

आणि अण्णा, पुढच्या वर्षी नोव्हेंबरात तुम्ही दोघं या. त्या वेळी माडीवर द्राक्षं असतात. छाटणी होऊन फुलोऱ्याचे दिवस, डाऊनी रोगाची भीती, हे मला माहीत आहे. दादाच्या हातानं फवारण्या होतात, गेल्या वर्षी तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा त्यानंच बाग काढली. पासपोर्टची मुदत संपलीय तुमची. आईचा चालू आहे, मी फोटो मागवून बघितला. अर्ज दादा ऑनलाइन भरेल. फोटोला टोपी काढा म्हणाले तर त्या पोराशी वाद घालू नका.

तुमची,
ताई