किनाऱ्यावरील उच्चदाब वाहिनी वादळात टिकेल अशी उभारण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
वीज वितरण कंपनी, विभागीय कार्यालय

महोदय,

मी श्रीवर्धन परिसरातील एका किनारी गावातील घरगुती वीजग्राहक असून, आमच्या गावाला वीज आणणाऱ्या ११ केव्ही (११ हजार व्होल्ट) उच्चदाब वाहिनीबाबत ही लेखी तक्रार करीत आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी सुमारे ११० ते १२० किलोमीटर वेगाने याच किनाऱ्यावर धडकले, तेव्हा ही वाहिनी जवळजवळ संपूर्ण आडवी झाली. आपल्या वायरमन मंडळींनी भर पावसात, चिखलातून खांब खांद्यावर वाहून ती पुन्हा उभी केली आणि त्याबद्दल गाव त्यांचे ऋणी आहे. माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. पडण्यापूर्वी वाहिनी जिथे आणि जशी होती, तिथे आणि तशीच ती पुन्हा उभारली गेली, ही माझी तक्रार आहे.

याविषयी पूर्वी तोंडी विचारणा केली असता ‘वादळापुढे कोणाचे चालते?’ असे उत्तर मिळाले. ते मला मान्य नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की खांबावरील दाब चौपट होतो हे खरे. परंतु बहुतेक खांब केवळ वाऱ्याने मोडत नाहीत. वाडीतील एखादे आंब्याचे किंवा किनाऱ्यावरील सुरूचे झाड तारांवर पडते, एक खांब कलतो आणि ताणलेल्या तारा शेजारच्या खांबांनाही एकामागून एक ओढून नेतात. ही ओढ मध्येच अडावी म्हणून ठरावीक अंतरावर दोन्ही बाजूंना ताण दिलेले जोडखांब (एकत्र जोडलेले दोन खांब) असावे लागतात. आमच्या वाहिनीवर खाडीपुलापासून शाळेपर्यंत असा एकही जोडखांब नाही. वळणावरील खांबांना जमिनीशी ताणून धरणाऱ्या ताणतारा खाऱ्या हवेने गंजून तुटल्या आहेत, तर काही खांबांच्या बुडाशी काँक्रीट न घालता नुसते दगड-माती भरलेले दिसते.

वादळ तर दूरच, पावसाळ्यापूर्वीच्या पहिल्या सरींनाही फिडर (म्हणजे हीच वाहिनी) बंद पडतो, कारण उन्हाळाभर तारा खांबापासून अलग ठेवणाऱ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर साचलेले मीठ ओले होताच त्यातून वीज वाहू लागते. वीज गेली की नळपाणी योजनेचा पंप थांबतो. गावातील विहिरींना उन्हाळ्याच्या अखेरीस मचूळ पाणी असते, त्यामुळे घरात अंधार होण्यापेक्षा हंडा रिकामा राहणे आम्हाला अधिक जाचते.

संपूर्ण वाहिनी भूमिगत करावी, अशी माझी मागणी नाही. तो खर्च मोठा आहे आणि जांभ्याच्या खडकात चर खोदणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे. मात्र नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या भागात उघड्या तारांऐवजी आवरण असलेली केबल टाकावी, म्हणजे फांदी टेकली तरी पुरवठा लगेच खंडित होणार नाही. जोडखांब, नव्या ताणतारा आणि खांबांच्या बुडाशी काँक्रीट ही कामे तर पावसाळ्यापूर्वी सहज होण्याजोगी आहेत. इन्सुलेटर बदलताना पॉलिमरचे बसवावेत. गावाच्या वेशीवर एक स्विच दिल्यास बिघाड झालेला भाग वेगळा करून पंपाकडील भाग चालू ठेवता येईल. माझ्या मते या सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वाधिक उपयोगाचा उपाय हा स्विचच आहे.

चक्रीवादळासारख्या आपत्तीत नुकसानभरपाईचे नियम लागू होत नाहीत हे मला ठाऊक आहे आणि भरपाई मी मागतही नाही. परंतु तुटलेली ताणतार वर्षानुवर्षे तशीच राहणे ही नैसर्गिक आपत्ती नव्हे. म्हणून खाडीपूल ते शाळा या भागाची पाहणी करून कामांचा कालावधी लेखी कळवावा, अन्यथा विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ४२ नुसार ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे दाद मागणे मला भाग पडेल. पाहणीच्या वेळी वाडीमालक आणि मी हजर राहू. तारांलगतच्या फांद्या तोडण्यास वाडीमालकांची लेखी संमती या अर्जासोबत जोडली आहे.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वीजग्राहक