किनाऱ्यावर उंडी लावा

महोदय,

कोकणात समुद्रालगतच्या रस्त्यांचे सुशोभीकरण म्हटले की नर्सरीतून आणलेले शोभेचे पाम किंवा सुरूची रोपे ठरलेलीच. सुरू भराभर वाढतो हे खरे, पण त्याच्या सुयांचा थर साचला की खाली फारसे काही उगवत नाही. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर किती सुरू आडवे झाले, हे सर्वांनी पाहिले आहे.

आपली उंडी मात्र कोणाच्या यादीत नसते. खारा वारा, रेताड जमीन, तळपते ऊन, सगळे ती सोसते. पाने जाड, तुकतुकीत, मधल्या शिरेपासून काठापर्यंत बारीक समांतर रेघा ओढल्यासारखी. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळ्या केसरांचा झुबका आणि मंद सुवास. तिच्या बियांचे कडू तेल पूर्वी घरोघरी दिव्यात जळे आणि होड्यांच्या फळ्यांनाही लागे.

उंडी सावकाश वाढते, त्यामुळे उद्घाटनाच्या फोटोत ती शोभणार नाही! शिवाय तिचा पसारा मोठा असतो आणि गोल फळांचा खाली सडा पडतो, म्हणून अरुंद फूटपाथवर किंवा विजेच्या तारांखाली ती नकोच. बंदराजवळची मोकळी जागा, शाळेचे पटांगण, समुद्राकडची बाग इथे ती लावावी. नगरपालिकांनी निविदा काढताना निदान निम्मी झाडे उंडी, भेंड, करंज अशी स्थानिक असावीत ही अट घालावी, आणि पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी घालण्याची जबाबदारी ठेकेदारावरच ठेवावी.

— एक वाचक, अलिबाग