गंगापूर रोडच्या साउंडवाल्या दादांना

दादा,

नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

लूपर (वाजवलेला तुकडा रेकॉर्ड करून फिरवत ठेवणारं आणि त्यावर नवे थर, म्हणजे लेयर, चढवू देणारं यंत्र) घेऊन एकटाच माणूस स्टेजवर चढला की आपल्या नाशकात अजून विचारतात, "बाकीचे कुठायत?" मग एक माइक, एक जॅक, "हॅलो, चेक" आणि झालं साउंडचेक. तुम्ही मात्र म्हणालात, "आधी सगळे लेयर चढवून दाखवा, मग लेव्हल लावतो." त्या एका वाक्यावर अख्खा कार्यक्रम तरला.

सारख्याच जोराचे चार वेगवेगळे लेयर एकावर एक बसले की आवाज एकट्या लेयरपेक्षा साधारण ६ डेसिबलने वाढतो. पहिल्यावरच गेन (आत घेतलेल्या आवाजाची पातळी) ठासून भरला तर चौथ्याला फाटणारच. मग ऑपरेटर घाबरून फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली ओढतो आणि ताल, बेस, सूर सगळंच एकदम पडतं. साध्या लूपरमधून सगळं एकत्र बाहेर येतं, नुसता बेस कमी करायची सोय नसते. त्या संध्याकाळी चौथा लेयर चढला तेव्हा तुमचा हात फेडरवर नव्हता, मांडीवर होता. ते स्टेजवरून दिसत होतं.

मॉनिटरही (कलाकाराला त्याचाच आवाज ऐकवणारा स्टेजवरचा स्पीकर) तुम्ही न सांगता माइकच्या बरोबर पाठीमागे सरकवलात. कार्डिऑइड माइकला तिथलं सर्वांत कमी ऐकू येतं. बाजूला राहिला असता तर ओव्हरडब करताना, म्हणजे नवा लेयर चढवताना, आधीचा लूप पुन्हा माइकमधून आत शिरला असता आणि दर लेयरला गढूळपणा वाढला असता. मिनिटाला ९६ मात्रांच्या लयीत १६ मात्रांचा लूप बरोबर १० सेकंदांचा. एक शिट्टी आत गेली की दर १० सेकंदांनी हजेरी लावते!

याआधी एका ठिकाणी घूंऽऽ आवाजावर इलाज म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायला सांगितलं होतं. शॉक बसला तर कलाकाराला, त्यांचं काय जातंय? तुम्ही डीआय बॉक्सवरचं (वाद्य मिक्सरला जोडणारी डबी) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ऑडिओ केबलचं ग्राउंड तोडणारं बटण, दाबलंत, विषय संपला.

समोरचा नवखा की नावाजलेला हे न बघता त्याचं काम आधी समजून घेणारी माणसं आहेत, म्हणून पोरं काहीतरी वेगळं करायला धजावतात.

पुढच्या वेळी लूपर स्टिरिओ आहे, दोन डीआय लागतील. एक आमचा आणतो. दुसऱ्याचं भाडं मात्र नीट लावा, "राहू द्या" चालणार नाही.