वॉशिंग्टनचा मातीचा किल्ला

चि. मधुरा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

वॉशिंग्टनमध्ये राहतेस, तर शहराच्या उत्तर भागातील फोर्ट स्टीव्हन्स अवश्य पाहून ये. तेथे दगडी बुरूज नाहीत. अमेरिकेतील यादवी युद्धात, जुलै १८६१ मध्ये बुल रन येथे उत्तरेच्या, म्हणजे लिंकन सरकारच्या, सैन्याचा पराभव झाला, तेव्हा राजधानी किती उघडी आहे हे सरकारच्या ध्यानात आले आणि जॉन बर्नार्ड या लष्करी अभियंत्याने तिच्याभोवती किल्ल्यांचे कडे उभारले. युद्ध संपेपर्यंत त्यांची संख्या ६८ झाली. तोफेचा गोळा विटांची भिंत फोडतो, मातीत मात्र रुतून बसतो. म्हणून खंदक खणून निघालेल्या मातीचा १२ ते १८ फूट जाडीचा तट रचत आणि त्याला आतून लाकडी ओंडक्यांचा आधार देत.

या किल्ल्याची जमीन एलिझाबेथ थॉमस या स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रीची होती, हे मला युद्धाइतकेच महत्त्वाचे वाटते. किल्ला वाढवताना सैनिकांनी तिचे घर पाडले. सहा महिन्यांचे मूल कडेवर घेऊन ती झाडाखाली रडत बसली असता काळ्या पोशाखातला एक उंच माणूस जवळ आला आणि त्याने तिचे सांत्वन केले. तो लिंकन होता, असे ती पुढे सांगत असे. भरपाईसाठी तिला कित्येक वर्षे झगडावे लागले. राजधानी वाचली याचा अभिमान बाळगताना तिचे हे देणे विसरणे मला अन्यायाचे वाटते.

१८६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेचा सरसेनापती ग्रँट याने किल्ल्यांवरचे कसलेले तोफखान्याचे सैनिक व्हर्जिनियातील लढाईसाठी नेले होते. ती संधी साधून दक्षिणेचा सेनापती जुबल अर्ली राजधानीवर चालून आला. ९ जुलैला मोनोकसी नदीवर उत्तरेचा सेनापती लू वॉलेस हरला खरा, पण त्याने अर्लीचा एक दिवस खाल्ला आणि तेवढ्यात उत्तरेची सहावी कोअर ही मोठी फौज बोटींनी राजधानीत पोहोचू लागली. १२ जुलैला लिंकन स्वतः फोर्ट स्टीव्हन्सच्या तटावर उभे राहिले असता त्यांच्या शेजारी एका लष्करी डॉक्टरला गोळी लागली. त्या रात्री अर्ली माघारी गेला.

आज दिसणारा तट १९३० च्या दशकात पुन्हा बांधलेला असून त्यातील ओंडके काँक्रीटचे आहेत. तेथून जॉर्जिया ॲव्हेन्यूने उत्तरेला थोडे चालल्यावर या लढाईत पडलेल्या ४० सैनिकांची दफनभूमी लागते. तेथेही जाऊन ये आणि काय पाहिलेस ते सविस्तर कळव.

तुझे
बाबा