शेजारच्या खुर्चीतल्या दादांना, त्या कॉलबद्दल

प्रिय दादा,

तुमचं नाव मी विचारलं नाही, तुम्हीही माझं विचारलं नाहीत. त्या रात्री पोकरच्या टेबलावर तुमच्या डाव्या हाताला बसलो होतो, तो मी. तुमच्यापर्यंत पोचायचा दुसरा मार्ग माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय.

तो डाव तुम्हाला आठवत असेल. ब्लाइंड्स, म्हणजे पानं बघण्याआधीच दोघांना लावावे लागणारे पैसे, 1 आणि 2. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा. मी 10 चा रेझ केला (रक्कम वाढवली), बटणावरच्या, म्हणजे शेवटी खेळणाऱ्या, त्या अबोल गृहस्थांनी कॉल केला (तेवढेच लावले), बाकीच्यांनी पानं टाकली. फ्लॉपला, म्हणजे टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेल्या पहिल्या तीन पानांत, इस्पिकचा राजा, इस्पिकची नव्वी, चौकटची चव्वी. मी 15 लावले, कॉल. टर्नला, चौथ्या पानाला, बदामची छक्की, मी 35 लावले, पुन्हा कॉल. रिव्हरला, पाचव्या आणि शेवटच्या पानाला, किलवरची दुर्री आली तेव्हा पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 123 होते. मी 60 लावले. त्यांनी क्षणभर माझ्या चिप्सकडे पाहिलं, "दोनशे वीस" म्हणाले आणि मगच दोन थप्प्या सावकाश पुढे सरकवल्या.

मी त्यांच्या गळ्याची शीर बघत बसलो. बोटं बघितली, श्वास बघितला. डोक्यात मात्र एकच होतं: टॉप पेअर आहे (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पानाची जोडी), वर एक्क्याचा किकर (सोबतचं पान) आहे, टाकायचं कसं? आणि टाकलं तर त्याच्याकडे काय होतं हे कळणार कसं? मी कॉल केला. त्यांनी दोन चव्व्या उलटल्या. फ्लॉपपासूनचा सेट, म्हणजे तीन चव्व्या.

तुमची पानं केव्हाच टाकून झाली होती आणि माझा चेहरा तुम्हाला अगदी जवळून दिसत होता. तरी डाव संपेपर्यंत तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. ज्याचा हात त्यानेच खेळायचा, हा नियम तुम्ही मनापासून पाळलात. त्याबद्दल आधी आभार, कारण त्या क्षणी कुणी नुसती भुवई उंचावली असती तरी मी काहीच शिकलो नसतो.

मग मी उठून बाहेर आलो आणि तुमची खेळायची वेळ सोडून तुम्ही माझ्यामागे आलात. मी घाईघाईने माझी बाजू मांडली. पॉटमध्ये 403, मला घालायचे 160. म्हणजे 563 मधले 160, साधारण 28 टक्के. शंभरात एकोणतीस वेळा जिंकलो तरी कॉल बरोबर. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "भाव बरोबर काढलास. माल बघितलास का?"

त्याच्या हातात कुठली दोन-दोन पानं असू शकतात, त्या जोड्या तुम्ही कागदावर मोजून दाखवल्यात. नव्व्या तीन उरल्या, त्यांच्या जोड्या 3. चव्व्यांच्या 3, छक्क्यांच्या 3. राजे दोनच उरले, त्यांची 1. एकाच रंगाचे राजा-नव्वी 2. झाल्या 12, आणि या बाराही मला हरवणाऱ्या. त्या भावात कॉल करायचा तर बारांसमोर निदान पाच ब्लफ, म्हणजे रिकाम्या हाताने रेझ केलेल्या जोड्या, हवेत. कुठले? इस्पिकचा फ्लश (पाचही पानं इस्पिक) हुकलेले. इथे तुम्ही माझ्या स्वतःच्या एक्क्यावर बोट ठेवलंत. फ्लशच्या मागे शेवटपर्यंत जाणाऱ्याकडे बरेचदा त्याच रंगाचा एक्का असतो. तो तर माझ्या हातात होता आणि राजा टेबलावर. ज्या पानामुळे मला माझा हात जड वाटत होता, तेच पान समोरच्याचे ब्लफ कमी करत होतं. उरले इस्पिकचे राणी-गुलाम, राणी-दश्शी, गुलाम-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती. जेमतेम पाच. ते पाचही त्याने दर वेळी रेझ केले, तरच माझा हिशेब बसतो. आणि राजा-राणी असते तर? तो नुसता कॉल करून मोकळा झाला असता.

"चार तासांत या माणसाने रिव्हरला एकदा तरी रेझ केलाय?" तुम्ही विचारलंत. नव्हता केला. मी चार तास त्याच टेबलावर होतो आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी वाद घातला, तोही तुम्ही खपवून घेतलात. 2003 च्या वर्ल्ड सीरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटचा दाखला मी दिला. हातात काही नसताना क्रिस मनीमेकरने ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि सॅमी फारहाने नव्व्यांची टॉप पेअर टाकली. तुम्ही म्हणालात, तिथे दोघंच उरले होते, दोघांनाही वाट्टेल ती पानं खेळावी लागत होती. शिवाय तो ब्लफ लोकांच्या लक्षात राहिला कारण पानं पडद्यावर दिसत होती. खऱ्या पानांवर केलेले रेझ कुणी लक्षात ठेवत नाही. हे मला पटलं.

एक गोष्ट अजून पूर्ण पटलेली नाही. गळा-बोटं बघणं सोडून दे, असं तुम्ही म्हणालात. मी सोडलेलं नाही, पण आता आधी जोड्या मोजतो आणि मग मान वर करतो. आणि हात थरथरताना दिसले की घाबरलाय असं समजत नाही, बहुतेकदा मोठं पान लागलेलं असतं.

त्यानंतर असाच एक डाव आला. माझ्याकडे राण्यांची जोडी, बोर्डवर सगळी लहान पानं, आणि रिव्हरला एका सावध बाईंचा मोठा रेझ. मोजलं, ब्लफ तीनच्या पुढे जाईनात. मी राण्या टाकल्या. त्यांनी पानं उपडीच डीलरकडे सरकवली. काय होतं ते मला कधीच कळणार नाही. पूर्वी या एका गोष्टीसाठी मी 160 मोजले होते. त्या दिवशी पुढचा डाव मी शांतपणे खेळलो.

मागच्या आठवड्यात मात्र मी कॉल केला. समोर एक पोरगा, त्याच रात्री रिव्हरला तीनदा रेझ केलेला, दोनदा रिकाम्या हाताने. त्याचे ब्लफ अडवणारं एकही पान माझ्या हातात नव्हतं, हुकलेले ड्रॉ (पूर्ण न झालेले हात) मोजले तर दहाच्या वर गेले. कॉल केला आणि हरलो, त्याला स्ट्रेट (ओळीने पाच पानं) लागलं होतं. घरी येऊन पुन्हा मांडलं. रिव्हरचा कॉल बरोबरच वाटतो, पण टर्नला मी जरा कमीच लावले असं सारखं मनात येतं. तो कागद मी जपून ठेवलाय. भेटलात तर हा डाव त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मांडून तुम्हाला विचारायचाय.

तुमचा,
डाव्या हाताला बसलेला